माहेरच्या शहरात बिऱ्हाड हलवताना

चिंचवडहून एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांच्या इच्छेनुसार नाव देत नाही. पत्राचा आशय असा : "मी मूळची नागपूरची, प्रतापनगरात वाढले. २००५ मध्ये लग्न झाले आणि पुण्याकडे आले. यजमान सांगलीचे असून चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहेत. मी एका कंपनीचे हिशेबाचे काम बहुतेक घरूनच करते. मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत आठवीत आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आई ७२ वर्षांची आहे आणि घरात एकटी असते. धाकटा भाऊ कॅनडात स्थायिक आहे. गेल्या भाद्रपदात आई न्हाणीघरात घसरून पडली आणि कामाची बाई येईपर्यंत तशीच पडून होती. तेव्हापासून माझे इथे लक्ष लागत नाही. चिंचवडचा फ्लॅट विकून, आईच्या घरावर एक मजला चढवून कायमचे नागपूरला यावे असे मनात आहे. यजमानांची हरकत नाही. मुलीची दहावी होऊ द्यावी की आताच यावे, फ्लॅट विकावा की ठेवावा, आणि इतक्या वर्षांनी नागपूर मला पूर्वीसारखे आपले वाटेल का, हे कृपया सांगावे."

सप्रेम नमस्कार.

काय करावे हे आधी सांगते आणि कारणे मागाहून मांडते, म्हणजे शेवटापर्यंत आपला जीव टांगणीला लागणार नाही. मुलीची दहावी होण्याची वाट न पाहता येत्या जूनमध्येच, नववी सुरू होण्यापूर्वी, नागपूरला यावे असे माझे मत आहे. मात्र चिंचवडचा फ्लॅट इतक्यात विकू नये, आईच्या घरावर मजला चढवू नये आणि आईच्या घरात राहायलाही जाऊ नये; त्याच वस्तीत किंवा लगतच्या वस्तीत अकरा महिन्यांच्या कराराने वेगळे घर भाड्याने घ्यावे. याला दोन अटी आहेत. नागपूरच्या नोकरीचे लेखी पत्र हातात आल्याशिवाय यजमानांनी चाकणची नोकरी सोडू नये, ही पहिली अट. मे महिन्याच्या उत्तरार्धात यजमान आणि मुलगी यांनी पाहुणचार न घेता, राहायला आल्यासारखे दहा-बारा दिवस नागपुरात काढावेत, ही दुसरी. यांपैकी एक अट जरी पुरी झाली नाही, तरी दहावीपर्यंत थांबावे आणि आईची व्यवस्था निराळ्या प्रकारे लावावी.

आपल्या पत्रातला काही भाग मी वर गाळला आहे. त्यात अंगणातला पारिजातक आहे, बर्डीवरची दिवाळीची खरेदी आहे, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर फिरून जमवलेला बोजारा, म्हणजे मुलांना मिळणारा खाऊ-पैसा, आहे आणि वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली मारबतीची मिरवणूक आहे. यजमानांना काय वाटते याविषयी त्या लांबलचक पत्रात एकच वाक्य आहे, आणि मुलीला काय वाटते याविषयी एकही नाही. आपल्या तिघांपैकी परत येणार आहात त्या फक्त आपण. ते दोघे आपल्या सांगण्यावरून एका परक्या शहरात राहायला येणार आहेत, आणि त्या शहरात त्यांना ओळखणारी माणसे आहेत ती सगळी आपल्यामुळे ओळखणारी आहेत. आपल्याला इथे काही गैरसोय झाली तर आपण ती माहेरची म्हणून पोटात घालाल. त्यांना तसे करण्याचे काही कारण नाही. म्हणून घर, शाळा, नोकरी आणि पैसा यांची सगळी मांडणी आधी त्या दोघांच्या बाजूने करावी, असे माझे म्हणणे आहे, आणि वर सांगितलेल्या अटी त्यातूनच निघाल्या आहेत.

खरे पाहता आपणही काही अंशी नव्यानेच येत आहात. आपण नागपूर सोडले तेव्हा वर्धा मार्गावर छत्रपती चौकाचा उड्डाणपूल होता. तो २०१६ मध्ये मेट्रोसाठी पाडण्यात आला, आणि आता त्या मार्गावर खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो असा तीन किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीचा दुमजली पूल आहे. २०१९ मध्ये मेट्रो सुरू झाली, २०२२ च्या डिसेंबरात तिचे चारही टोकांचे मार्ग पूर्ण झाले; सीताबर्डीला दोन्ही मार्गिका एकमेकींना मिळतात. प्रतापनगर मात्र या दोन्ही मार्गिकांपासून थोडे बाजूलाच राहते, त्यामुळे मेट्रो आली म्हणून आपले दुचाकीवाचून भागेल, असे समजू नये. २००५ मध्ये मिहान, म्हणजे विमानतळालगतचा मोठा औद्योगिक प्रकल्प, बहुतांशी कागदावर होते. आज तिथे माहिती तंत्रज्ञानाच्या मोठ्या कंपन्यांची कार्यालये, एम्स आणि आयआयएम आहे. या सगळ्याची सवय एका महिन्यात होते. इमारतींनी कुणाला परके केल्याचे मी फारसे पाहिलेले नाही.

अवघड असते ते माणसांचे. आपल्या वर्गातल्या मुली आता कुठे आहेत, याची एकदा मनाशी उजळणी करावी. आपल्या पिढीतली शिकलेली मुले पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर आणि परदेश अशी पांगली आणि प्रतापनगर, लक्ष्मीनगर, बजाजनगर, धरमपेठ या वस्त्यांतल्या कितीतरी घरांत आज आपल्या आईसारखी एकटी माणसे राहतात. ज्या गल्लीत आपण बोजारा मागत फिरलात त्या गल्लीत आज कदाचित दोन-तीन लहान मुलेही नसतील, आणि आपली मुलगी तर त्या वयाच्या पुढे गेली आहे. आपल्या आठवणीतले नागपूर हे पुष्कळसे आपल्या लहानपणाचे नागपूर आहे, आणि लहानपण पुण्यात गेलेल्या माणसाला पुण्याचेही असेच वाटते. तर्री-पोहे आणि संत्रा बर्फी जिथल्या तिथे आहेत, पण त्यांच्यासाठी चार दिवसांची रजा पुरते. "पूर्वीसारखे आपले वाटेल का," या प्रश्नाला माझे उत्तर असे की, पूर्वीसारखे वाटणार नाही. पण इथे आपल्या हातून काही कामे होऊ लागली, आईच्या औषधांची वेळ, मुलीच्या शाळेतल्या पालकसभा, वीजबिल, शेजाऱ्यांचे अडीअडचणीचे प्रसंग यांत आपण गुंतलात, की वर्ष-दीड वर्षात एक निराळे नागपूर आपले होईल.

आता यजमानांच्या नोकरीविषयी. चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात वाहन उद्योगाचे कारखाने इतके दाट आहेत की गुणवत्ता विभागातल्या अनुभवी माणसाला एक दार बंद झाले तर दुसरे उघडते. नागपूरला बुटीबोरी आणि हिंगणा अशा दोन मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत, हिंगण्याला ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आणि त्याला सुटे भाग पुरवणारे लहान कारखाने आहेत, मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचे काम चालते; पण त्यांच्या क्षेत्रातल्या मालकांची संख्या पुण्याच्या मानाने थोडीच आहे. इथे हवी तशी जागा मिळायला वेळ लागतो, आणि मिळाली तर पगार कमी असू शकतो. "तिकडे गेल्यावर पाहू" असे त्यांनी म्हटले असेल तर ते आपल्या प्रेमाखातर म्हटले आहे, आणि त्या प्रेमाचा इतका उपयोग करून घेऊ नये. चाळिशी उलटलेला माणूस सासुरवाडीच्या गावात सहा महिने घरी बसला, आणि बायकोचे पुण्याच्या पगाराचे काम मात्र चालूच राहिले, तर घरात कोणी एक शब्दही बोलले नाही तरी हवा बदलते. त्यांनी आतापासूनच चिंचवडला राहून शोध सुरू करावा आणि मुलाखतींसाठी येऊन जावे. आपल्यालाही एक काम आहे : घरून काम करण्याची मुभा नागपूरहूनही राहील काय, हे आपल्या कंपनीकडून लेखी घ्यावे, वरिष्ठांच्या तोंडी आश्वासनावर बिऱ्हाड हलवू नये, कारण वरिष्ठ बदलतात.

मेपर्यंत नोकरी मिळाली नाही, तर ते तिकडे आणि आपण मुलीला घेऊन इकडे, असा मार्ग कोणीतरी नक्की सुचवील. मी तो सुचवणार नाही. आईचे एकटेपण कमी करताना यजमानांना एकटे पाडण्यासारखेच ते होईल, आणि मुलीच्या या वयात वडील फक्त सुट्टीला येणारे होऊन बसतील.

आईच्या घरात राहू नये, असे मी म्हणते याचे आपल्याला वाईट वाटेल. आपल्या समाजात मुलाने आईवडिलांजवळ राहणे ही रीत मानली जाते, आणि मुलीने तसे केले की जावयाकडे निराळ्या नजरेने पाहिले जाते. हे अन्यायाचे आहे, पण आहे. चार दिवसांसाठी आलेल्या जावयाला पाटावर बसवणारे नातेवाईक तोच जावई कायमचा राहायला आला की "हे आता इकडेच असतात का?" असे विचारतात, आणि विचारणारा ते विसरून गेला तरी ऐकणारा विसरत नाही. याहूनही महत्त्वाचे कारण आपल्या आईचे आहे. तीन वर्षे त्या एकट्या राहिल्या आहेत. त्यांची उठण्याची वेळ, देवपूजा, स्वयंपाकघरातल्या डब्यांची जागा, दुपारची झोप आणि संध्याकाळी येणाऱ्या मैत्रिणी यांचे एक जग तयार झाले आहे, आणि त्यात त्या घरच्या मालकीण आहेत. तीन माणसे सामानासह आत आली की दोन महिन्यांत त्या स्वतःच्याच घरात एका खोलीच्या होऊन बसतात. आपण प्रतापनगर, खामला, त्रिमूर्तीनगर किंवा देवनगर यांपैकी कुठेही घर घेतले तरी संध्याकाळी चपला घालून किंवा दुचाकीवरून थोड्या वेळात त्यांच्याकडे पोहोचता येते. रात्री सोबत लागली तर मुलगी आजीकडे झोपायला जाऊ शकते, आणि यातून आजी-नातीचे जे जमेल ते एका छपराखाली दिवसभर राहून जमेलच असे नाही.

आईला आपण विचारले आहे का, हेही पत्रावरून समजले नाही. त्या पडल्याचे, आपण घाबरल्याचे आणि आपण ठरवल्याचे त्यात आहे. त्या काय म्हणाल्या, ते नाही. त्यांना हे हवे आहे की नाही, हवे असल्यास कशा प्रकारे, हे फोनवर न विचारता समोर बसून, आणि भाऊ किंवा यजमान जवळ नसताना विचारावे. म्हातारी माणसे मुलांच्या देखत मुलांना बरे वाटेल तेच बोलतात.

न्हाणीघराचे काम जूनपर्यंत ठेवू नये. भिंतीला धरायचे दांडे, न घसरणारी फरशी किंवा निदान रबरी चटई, बाहेरूनही उघडता येईल अशी कडी, शेजारच्या घरी एक किल्ली आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी एक फोन, एवढे या आठवड्यातही होऊ शकते. त्या पडल्या त्याचे कारण नुसते ओली फरशी होते की चक्कर, रक्तदाब, डोळ्यांतला मोतीबिंदू किंवा एखादे औषध, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. धंतोली आणि रामदासपेठ या रुग्णालयांच्या वस्त्या त्यांच्या घरापासून फार दूर नाहीत. अडचण तिथे गाडी उभी करण्याची आहे, तेव्हा त्यांच्यासोबत जाणारे माणूस आणि गाडी चालवणारे माणूस वेगवेगळे असलेले बरे. आपण दहावीपर्यंत थांबणार असाल, तर हीच व्यवस्था वाढवत नेता येते : दिवसभरासाठी एक विश्वासू बाई ठेवावी आणि उन्हाळ्यात आईंनी दोन-तीन महिने चिंचवडला येऊन राहावे. नागपूरचा मे महिना टाळण्यासाठी त्या खुशीने येतील, असा माझा अंदाज आहे.

आणि त्या मे महिन्याविषयी जरा सविस्तरच सांगावे लागेल, कारण आपण तो विसरला आहात, आणि यजमानांनी तो पाहिलेला नाही. सांगली-पुण्याकडच्या माणसाला चाळीस अंश म्हणजे उन्हाळ्याची परमावधी वाटते. इथे तो एप्रिलमधला साधा दिवस असतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि पंचेचाळीसच्या पुढचे दिवस तर बहुतेक उन्हाळ्यांत येतात. उलट २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. जे शहर एकाच पिढीला दोन्ही टोके दाखवते, तिथे घर निवडण्याचे नियमही निराळे असतात. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे, थेट छताखालचे घर भाडे कमी असले तरी घेऊ नये. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री एक वाजेपर्यंत उष्णता सोडत राहते. पश्चिमेची भिंत उघडी असलेली झोपण्याची खोली टाळावी. खिडकीला बाहेरून कूलर लावता येतो का, त्याच्यापर्यंत पाणी कसे जाते आणि हवा बाहेर पडायला समोर दुसरी खिडकी आहे का, हे पाहावे. नागपूरचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे वाळ्याच्या किंवा लाकडी तुसाच्या ताट्या लावलेला साधा कूलर इथे फार चांगले काम करतो, पण पाऊस सुरू झाला की तोच कूलर घरात दमटपणा आणतो. त्याच्या टाकीत साचलेले पाणी वेळीच काढले नाही, तर डेंग्यूच्या डासांची पैदास होते. घर पाहायला मे महिन्यात, दुपारी तीन वाजता जावे. दलाल संध्याकाळची वेळ सुचवील; ती नाकारावी.

मेच्या उत्तरार्धाचा आग्रह मी याचसाठी धरला आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे अतिउष्ण मानले जाणारे नऊ दिवस, चालू असताना यजमानांनी बुटीबोरी किंवा हिंगण्यापर्यंत कामाच्या वेळेला एकदा जाऊन यावे, मुलीने दुपार घरात काढून पाहावी, सकाळी दहाच्या आत बाजार आणि पुढची बाहेरची कामे सूर्य कलल्यावर, ही दिनचर्या तिघांनी जगून पाहावी. दिवाळीला किंवा डिसेंबरात, विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी शहर रंगरंगोटी करून बसलेले असते तेव्हा, नागपूर पाहून निर्णय घेतलेल्या काही कुटुंबांनी पुढच्या एप्रिलमध्ये सामान बांधायला घेतल्याचे माझ्या माहितीत आहे.

पाण्याचाही विचार करावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत झालेल्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या, एरवी प्रतिष्ठित मानल्या जाणाऱ्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. तळमजल्याचे घर घेताना त्या रात्री पाणी कुठवर आले होते, हे घरमालकाला न विचारता शेजाऱ्याला विचारावे. बेसा, बेलतरोडी, मानेवाडा, हुडकेश्वर या दक्षिणेकडच्या नव्या वस्त्यांत त्याच भाड्यात मोठे घर मिळेल, पण आईच्या घरापासूनचे अंतर आणि पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या पुलाखाली साचणारे पाणी हिशेबात धरले, तर आपल्या दृष्टीने त्यात फायदा नाही.

मजला चढवण्याचा विचार सोडून द्यावा असे नाही, पण त्याआधी करायची बरीच कामे आहेत. घर वडिलांच्या नावावर होते आणि त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते असे गृहीत धरले, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार ते आई, भाऊ आणि आपण अशा तिघांचे समान हिश्श्याचे झाले आहे; आजी हयात असतील, तर त्यांचाही हिस्सा येतो. आखीव पत्रिकेवर, म्हणजे भूखंडाच्या मालकीच्या उताऱ्यावर, वारसांची नावे चढली आहेत का, भूखंड नागपूर सुधार प्रन्यासचा भाडेपट्ट्याचा असेल तर पट्ट्याचे नूतनीकरण झाले आहे का, खासगी लेआउटमधला असेल तर त्याचे आर.एल., म्हणजे नियमितीकरण, झाले आहे का, आणि मूळ बांधकामाचा मंजूर नकाशा घरात सापडतो का, हे सगळे पाहावे लागेल. त्या काळातली पुष्कळ घरे भिंतींवरच पेललेली आहेत, त्यांना खांब-तुळयांचा सांगाडा नाही. वरचा मजला ती पेलतील का, हे ठेकेदाराच्या शब्दावर न सोडता संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावे. हे सगळे जुळले, तरी सामाईक घरावर आपल्या फ्लॅटचे पैसे घालण्यापूर्वी भावाशी लेखी आणि नोंदणीकृत व्यवहार व्हायला हवा. तो वरच्या मजल्यावरचा हक्क सोडणार आहे का, सोडणार असल्यास मोबदला काय, आणि आईच्या पश्चात तळमजल्याचे काय, हे तिघांनी आईच्या हयातीत आणि गोडीत असताना बोलून घ्यावे. आता त्याला ही गोष्ट नाजूक वाटेल. दहा वर्षांनी ती नाजूक राहणार नाही, ती दिवाणी न्यायालयाची होईल. भावाने परदेशातून मुखत्यारपत्र पाठवून ही कामे होऊ शकतात, तेव्हा "तो आला की पाहू" या सबबीवर ती टाकू नयेत.

फ्लॅटचे म्हणाल तर घाईचे कारणच नाही. आपण हिशेबाचे काम करता, त्यामुळे हे आपल्याला ठाऊक असणार, पण पत्रात ते कुठे दिसले नाही : राहते घर विकून होणाऱ्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरचा कर वाचवायचा असेल, तर विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर घ्यावे लागते किंवा तीन वर्षांत बांधावे लागते. म्हणजे आज विकले की आजपासून घड्याळ सुरू, आणि ते घड्याळ अनोळखी झालेल्या शहरात घर निवडायची घाई करायला लावते. त्याऐवजी फ्लॅट वर्षभर भाड्याने द्यावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची म्हणजे आपली असते. चिंचवडच्या भाड्यातून नागपूरचे भाडे बहुधा सुटेल. शिवाय फ्लॅट शिल्लक असला की यजमानांना आणि मुलीला परतीचे दार उघडे दिसत राहते, आणि ते दिसत असल्यामुळेच माणसे नव्या जागी धीराने टिकतात. वर्षानंतर तिघांनी मिळून विकायचे ठरवले, तर जरूर विकावा.

मुलीच्या बाबतीत नववीच्या आरंभी येणे आणि दहावीनंतर येणे, हे दोनच पर्याय आहेत. मधल्या वर्षी शाळा बदलू नये. राज्य मंडळाची शाळा असल्यामुळे पाठ्यपुस्तके तीच राहतात, फक्त पुणे विभागीय मंडळाऐवजी नागपूर विभागीय मंडळ येते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात, त्यामुळे सामान लावायला आणि शाळा सोडल्याचा दाखला आणून प्रवेश पुरा करायला थोडा अवधी मिळतो. तरीही शाळा मेमध्येच नक्की करावी, आणि ती तिला दाखवून करावी. आपण ज्या शाळेत शिकलात तिथेच तिला घालण्याचा मोह होईल. ती शाळा आज कशी आहे, हे सध्या तिथे मुले असलेल्या पालकांना विचारल्याशिवाय तसे करू नये. तिच्या पुणेरी बोलण्याची सुरुवातीला थट्टा होईल, वर्गात आणि दुकानात मराठीइतकीच हिंदी कानावर पडेल, याची तिला आधी कल्पना द्यावी. चौदाव्या वर्षी मैत्रिणी सोडून जाणे हे तिच्या लेखी मोठे नुकसान आहे, आणि "नवीन मैत्रिणी मिळतील" हे त्यावरचे उत्तर नाही. तिला निर्णयाचा अधिकार द्यावा असे मी म्हणत नाही, पण तिची एखादी मागणी आपण मान्य करावी. स्वतःची खोली असो, चालू असलेला नृत्याचा किंवा खेळाचा वर्ग असो, किंवा सुट्टीत पुण्याला मैत्रिणीकडे जाण्याचे वचन असो. दिलेले वचन मात्र पाळावे लागेल.

गाडीचा क्रमांक एकाच राज्यातला असल्यामुळे बदलावा लागत नाही, परिवहन कार्यालयात पत्ता तेवढा बदलून घ्यावा; गॅस, बँक आणि मतदार यादीचे काम पहिल्या दोन महिन्यांत उरकावे.

शेवटची बाब सांगलीची. आपल्या पत्रात सासू-सासऱ्यांचा उल्लेख "दीरांजवळ असतात" एवढाच आहे. चिंचवडहून सांगलीला यजमान आज चार-पाच तासांत पोहोचतात. नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने जायचे म्हटले, तर जवळजवळ अख्खा दिवस आणि रात्र लागते. आपण आईच्या जवळ येता त्याच क्षणी ते स्वतःच्या आईवडिलांपासून दूर जातात, आणि त्यांच्याही वडिलांचे वय होत आले असणार. "हरकत नाही" म्हणताना त्यांनी हा हिशेब मनात केला असेल, किंवा मुद्दाम केला नसेल; तो आपण स्वतः काढावा. वर्षातून किती वेळा आणि कधी सांगलीला जायचे, तिकडे कोणी आजारी पडले तर कोण किती दिवस जाणार, त्यासाठी रजा आणि पैसे कुठून येणार, हे निघण्यापूर्वी दोघांनी कागदावर मांडावे. समृद्धी महामार्ग मुंबईकडे जातो. पुणे-सांगलीकडे वळणाऱ्याला छत्रपती संभाजीनगरजवळ तो सोडावा लागतो, त्यामुळे "आता रस्ता झाला, गाडीने पटकन जाऊ" हे सांगलीच्या बाबतीत फारसे खरे नाही, आणि त्या सरळ रस्त्यावर रात्रभर एकट्याने गाडी चालवणे तर नकोच. पुण्यापर्यंत अजनीहून निघणारी वंदे भारत २०२५ पासून सुरू झाली आहे. ती साधारण बारा तासांत पोहोचवते, आणि पुण्याहून सांगलीची सोय सहज होते. पहिली दिवाळी सांगलीला करावी, असे मी सुचवीन. भाऊ इथे नसल्याने आपली भाऊबीज तशीही फोनवरच होते, आणि आईंनाही सोबत नेता आले तर उत्तम. दिवाळीत ट्रॅव्हल्सचे दर काय होतात, हे आपण पुण्याहून येताना अनुभवले असेलच. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, तेव्हा जाण्याची आणि परतीची तिकिटे आपापल्या तारखेचे आरक्षण उघडेल त्याच सकाळी काढून ठेवावीत.